चार नंबरचं उत्तर

"ताई, हे परत म्हणा ना एकदा."

असं निखिल म्हणाला. चारशे माणसं ऐकत होती. रविवारची दुपार होती. अमरावतीला, राजापेठेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी पलंगावर मांडी घालून बसले होते. कानाला हेडफोन, हातात निकालाचा कागद. तीन वर्षांत पहिल्यांदा मी माझा माईक सुरू केला होता.

आणि मी परत म्हटलं.

हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे कितीही लिहिलं तरी मला सगळ्यात जास्त लाज याचीच आहे. मला वाटलं रेंज गेली, ऐकू गेलं नसेल. म्हणून मी सरळ मनाने, जरा मोठ्याने, तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"थांबा ना बावा, काहून भांडून राहिले? दोघायचं बी ऐकून घेतो मी."

आधी एकाने हसू दाबलं. दुसऱ्याने दाबलं नाही. मग सगळेच. कुणी माझी नक्कल केली, घेतो मी, घेतो मी. कुणी विचारलं, अरे ही ताई आहे की दादा. आमच्या वऱ्हाडीत बायाही स्वतःबद्दल घेतो, जातो असंच म्हणतात. निखिल इतका हसला की त्याला ठसका लागला. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी मी ओढणी नीट केली.

मग मीही हसले. माईकवर. त्यांना ऐकू जाईल असं.

निखिल म्हणजे आमच्या अड्ड्याचा मालक. अड्डा म्हणजे ऑनलाइन खेळणाऱ्या मराठी माणसांची एक जागा. तिचं खरं नाव मी लिहीत नाही, अड्डाच म्हणते. चार-चार जणांच्या टोळ्या करून बंदुकीचा खेळ खेळायचा, खेळता खेळता बोलायचं, बोलता बोलता भांडायचं. निखिल पुण्याचा. तो खेळतो ते बघायला हजारो लोक येतात. अड्डा वाढला तशी भांडणं वाढली, आणि भांडणं मिटवायला त्याने दोन पंच नेमले. एक नाशिकचा ओंकार, इंजिनिअरिंगला असलेला पोरगा. दुसरी मी.

पंचाचं काम सगळं लेखी. कुणाला तक्रार असली की तो एक फॉर्म भरायचा. मग त्याच्यासाठी एक वेगळी खोली उघडायची. खोली म्हणजे फोनच्या पडद्यावरची, फक्त तो आणि मी. तो सांगायचा, अमक्याने आईवरून शिवी दिली. तमक्याने मुद्दाम आपल्याच टोळीतल्याला मारलं. मी रेकॉर्डिंग ऐकायची, समोरच्याला विचारायची आणि निकाल लिहायची. संध्याकाळी सात ते दहा माझी पाळी. त्या तीन तासांत लोक माझ्या शब्दाची वाट बघायचे. ताई काय म्हणतात बघू. ताईंनी सांगितलं ना, मग विषय संपला.

माझं लिहिणं शुद्ध असायचं. इतकं शुद्ध की एकाने विचारलं, ताई, तुम्ही पुण्यात शाळेत शिकवता का. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं सांगायचं तर ती माझी प्रमाण मराठी प्रश्नपत्रिकेची आहे. मी मूळची अकोल्याची. अमरावतीला एका शिकवणी वर्गात नोकरीला आहे. आले तेव्हा मला पुढच्या टेबलावर बसवलं होतं, फोन घ्यायला. महिनाभर मी घेतला. एक दिवस सरांनी आत बोलावलं. ते स्वतः दर्यापूरकडचे. घरी बायकोशी बोलतात तेव्हा माझ्यापेक्षा पक्की वऱ्हाडी बोलतात. पण मला म्हणाले की पालकांना तुमचं बोलणं ऐकून खेड्यातला क्लास वाटतो. तुम्ही मागे बसा, टायपिंग करा. तेव्हापासून मी मागच्या खोलीत. खालीलपैकी अचूक पर्याय निवडा. योग्य जोड्या लावा. कारणे द्या. तीच भाषा हाताला लागली. हे जे लिहिते आहे तेही त्याच भाषेत लिहिते आहे, कारण दुसरी लिहायची सवय अजून हाताला नाही.

त्या मागच्या खोलीत बोलायला कुणी नसतं. एकदा मी मोजलं, दिवसभरात नऊ वाक्यं बोलले होते. त्यातली दोन डबा देणाऱ्या काकूंशी, एक ऑटोवाल्याशी. आठवड्यातून एकदा आईला फोन. बाकी सगळं बोलणं बोटांनी. म्हणून अड्डा माझ्यासाठी काय होता हे तुम्हाला कळायला हवं. तिथे मला कुणीतरी ताई म्हणायचं. संध्याकाळी पावणेसातला माझा जीव सुधरायचा. मला दुसरी माणसं नव्हती. हे लिहिताना वाईट वाटतं, पण नव्हती.

आता न्यायाचं सांगते. माझे निकाल लोक ऐकायचे त्याला कारण होतं. माझी आई अकोल्याच्या बाजारात भाजी विकते. आमचा थोडा मळा आहे, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, थोडी शेवंती. आईच्या रांगेत पंधरा-वीस बाया बसतात. सकाळच्या गर्दीत जागेवरून, गिऱ्हाइकावरून रोज वाजतं. पण त्यांची एक रीत आहे. भांडण झालं की रांगेतली सगळ्यात म्हातारी बाई दोघींचं ऐकते. जिची चूक निघते ती तिथल्या तिथे, जेवढ्यांनी ऐकलं तेवढ्यांसमोर, चुकलं म्हणते. आणि आपला वजनाचा काटा खाली ठेवते. दुसरीची बोहनी झाल्याशिवाय तो उचलत नाही. मग दोघी एकाच कपातला चहा बशीत ओतून पितात.

मी अड्ड्यावर हेच नियम केले. शुद्ध भाषेत लिहून काढले. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल नाही. जिथे अपमान झाला तिथेच, तितक्याच लोकांसमोर माफी. ज्याचं नुकसान झालं तो आधी खेळेल, चूक करणारा तोवर बाहेर बसेल. निखिलने ते वाचून सगळ्यांना सांगितलं होतं, ताईंचं डोकं बघा, एखाद्या कंपनीत शोभेल. भाजीबाजारातलं आहे हे मी सांगितलं नाही.

पण एक गोष्ट माझी स्वतःची होती. बाजारातली नव्हती. ती म्हणजे चार नंबर.

तक्रारी फार यायला लागल्या तेव्हा मी सात तयार उत्तरं लिहून ठेवली. प्रत्येकाला नंबर. पंचाने नुसता नंबर टाकायचा, उत्तर आपोआप जायचं, खोली बंद. एक नंबर म्हणजे पुरावा द्या. दोन नंबर म्हणजे समोरच्याला ताकीद दिली आहे. आणि चार नंबर असा: "हा गमतीचा भाग होता. कुणाचाही हेतू दुखावण्याचा नव्हता. खेळ खेळासारखा घ्यावा ही विनंती. तक्रार बंद करत आहोत."

मला त्या उत्तराचा अभिमान होता. किती सौम्य, किती समजूतदार. कुणाच्या बोलण्यावरून, नावावरून, गावावरून, रंगावरून तक्रार आली की मी चार टाकायची. शिवी दिली असेल तर शिक्षा होती. चिडवलं असेल तर चार. शिवी दिसते. चिडवणं कुठे धरायचं? दहा तक्रारी वाट बघत असायच्या. चार टाकलं की पुढची.

त्यात एक धारणीचा माणूस होता. जीप चालवायचा, धारणी ते परतवाडा. सवारी भरेपर्यंत स्टँडवर बसून खेळायचा. तिकडे जंगलात रेंज तुटते, त्याचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी यायचा. त्याची घरची भाषा कोरकू, मराठी अडखळत. तो बोलायला लागला की टोळीतले लोक जनावरांचे आवाज काढायचे. वाघ, माकडं. त्याला नाव ठेवलं होतं जंगलखातं. त्याने तक्रार केली. रेकॉर्डिंग लावलं होतं. मी ऐकलं. खरं सांगते, माकडाचा आवाज एकाने इतका हुबेहूब काढला होता की मला हसू आलं.

मी चार टाकलं. खोली बंद व्हायला मिनिटभर असतं, तेवढ्यात त्याचं उत्तर आलं. "ठीक आहे ताई. तुमी म्हनता त गंमत असन."

मी वाचलं आणि पुढची तक्रार उघडली. तो पुन्हा अड्ड्यावर दिसला नाही, आणि दिसला नाही हेही माझ्या लक्षात आलं नाही.

मग तो रविवार. स्पर्धेची शेवटची फेरी. एका टोळीने म्हटलं की दुसरी टोळी निखिलचं थेट प्रसारण बघून खेळातली आमची जागा शोधते आहे. आरडाओरडा. निखिल म्हणाला, लेखी निकालाला वेळ नाही, ताईंनी माईकवर यावं. मी निकाल कागदावर लिहिला, दोनदा मोठ्याने वाचून बघितला. सरळ प्रमाण मराठीत. माईक उघडला, पहिलं वाक्य वाचलंही. पण दोन्ही टोळ्या एकमेकांवर ओरडत होत्या, माझं कुणी ऐकेना. आणि मग कागद राहिला बाजूला. आई रांगेत ज्या आवाजात बोलते तो माझ्या तोंडून बाहेर आला. भांडण थांबवताना माणूस दुसऱ्या कोणत्या भाषेत बोलणार?

भांडण थांबलं मात्र लगेच. ते हसायला लागले ना.

दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर एक बटण आलं. दाबलं की माझा आवाज. "काहून भांडून राहिले?" सोबत एक चित्र. नऊवारी नेसलेली काळी बाई, तोंड वासलेलं, डोक्यावर वांग्यांची टोपली.

त्यांना माझ्या आईचं माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं. पण चित्र काढणाऱ्याला नुसती भाषा ऐकून नेमकं तेच सुचलं.  चित्राखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग होती, त्यात मीही एक चेहरा टाकला.

बटण फार चाललं. कुणी हरलं की बटण. कुणी तक्रार म्हटलं की बटण. निखिल आपलं प्रसारण त्यानेच सुरू करायला लागला. मी निकाल लिहिला की खाली पंचवीस वेळा माझाच आवाज. ताई म्हणणारे कमी झाले, काहूनबाई म्हणायला लागले. प्रेमानेच म्हणायचे, असं मी स्वतःला सांगितलं. तरी संध्याकाळी पावणेसातला मी जायची. नाही गेले तर करायचं काय होतं? चार भिंती आणि थंड डबा.

दिवाळीला अकोल्याला गेले. आई ओसरीत शेवंतीचे हार करत बसली होती. माझा धाकटा भाऊ फोनवर काही बघत होता आणि एकदम माझा आवाज आला. बटणाचा. त्यामागे हसणं. ते कुठून कुठे फिरत त्याच्यापर्यंत आलं होतं, त्याला माहीतही नव्हतं की ती मी आहे. तो हसत होता.

आईचा हात थांबला. तिने मान वर केली.

"हा त तुया आवाज आहे."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, हो, माझाच आहे. आईने ते पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. मग मला विचारलं की लोक काहून हसून राहिले. मी म्हटलं, काही नाही गं, बोलण्यावरून. आईला कळेना. वाक्यात हसण्यासारखं काही आहे का हे ती शोधत होती. तिने ते वाक्य स्वतः हळूच म्हणून बघितलं. काहून भांडून राहिले. मग माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने म्हणाली,

"मंग कसं म्हना लागते? सांग मले. मी बी तसंच म्हनत जाईन."

ती रागावली नव्हती. टोमणा नव्हता. पंचावन्न वर्षांची बाई, आपल्या बोलण्याने पोरीला चारचौघांत खाली बघावं लागलं असं तिला वाटलं, आणि ती जीभ बदलायला तयार होती. फुलं मांडीवर तशीच. मी काय सांगणार होते तिला? का भांडत आहात, असं म्हण? त्या रांगेत, गिऱ्हाइकांपुढे, काटा हातात धरून?

ज्या न्यायाचं अड्ड्यावर कौतुक होत होतं तो न्याय या बाईच्या रांगेतला होता. याच भाषेत तो झाला होता. त्यांना न्याय पाहिजे होता, पण तो कोणत्या तोंडून येतो ते नको होतं. आणि मी तीन वर्षं त्यांना तो धुऊनपुसून देत होते.

मी आईला म्हटलं, "तू काई नको बदलू. तुयं बरोबर आहे."

तिचा विश्वास बसला नाही. ती पुन्हा हार ओवायला लागली. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि रडले. मला हे लिहायला लाज नाही. ज्या रविवारी रडायला हवं होतं त्या रविवारी मी हसले होते.

अमरावतीला परत आल्यावर मी फॉर्म भरला. पंच असले तरी तक्रार करायची तर फॉर्मच, हा नियम मीच केला होता. लिहिलं की परवानगी न घेता माझा आवाज वापरला, माझ्या भाषेची आणि घरच्या धंद्याची टिंगल होते आहे, बटण काढा, जिथे हसलात तिथे माफी मागा. माझीच तक्रार मी बघू शकत नव्हते म्हणून ती ओंकारकडे गेली. माझ्यासाठी खोली उघडली. मी पहिल्यांदाच त्या बाजूने खोलीत बसले होते. तिथून ती फार वेगळी दिसते. आपण लिहितो आणि समोरून कुणीतरी टाइप करतंय अशी खूण येते, जाते, पुन्हा येते.

दहा मिनिटांत उत्तर आलं.

"हा गमतीचा भाग होता. कुणाचाही हेतू दुखावण्याचा नव्हता. खेळ खेळासारखा घ्यावा ही विनंती. तक्रार बंद करत आहोत."

चार नंबर. माझंच वाक्य. स्वल्पविरामही नाही त्यात, मीच काढले होते, वाचायला सोपं जावं म्हणून.

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. मला कळलं. ते उत्तर वाचणाऱ्याला पहिल्यांदा काय वाटतं माहीत आहे? राग येत नाही. वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. आपल्यालाच गंमत कळत नाही. आणि माझ्या डोळ्यापुढे आलं, तुमी म्हनता त गंमत असन. त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला होता. पंचाचा शब्द म्हणून त्याने स्वतःचा अपमान गंमत म्हणून घेतला होता, आणि निघून गेला होता.

संध्याकाळी निखिलचा फोन आला. आवाज गोड. म्हणाला की तुमच्यामुळे अड्ड्याचं नाव झालं, लोक तुमच्यावर किती प्रेम करतात. म्हणाला, तुम्हीच तर सगळ्यांना सांगायच्या, मनावर घेऊ नका. मग म्हणाला, बटण काढतो, आठवड्याभराने, गाजावाजा न करता. तुम्ही तेवढी तक्रार मागे घ्या, नोंद राहिली की उद्या प्रत्येक जण असलं काही घेऊन येईल. मी नुसतं हं म्हटलं. त्याला वाटलं असेल मी तयार झाले. तेव्हा तो म्हणाला,

"आणि ताई, तुम्ही माईकवर येऊच नका ना. तुमचं लिखाण किती शुद्ध आहे. आपण ते वापरू."

तो वाईट माणूस नाही, हेही लिहिते. त्याला खरंच वाटत होतं की तो मला चांगली वाट दाखवतो आहे. शिकवणीच्या सरांनाही वाटलं होतं. मागची खोली. सगळे मला मागचीच खोली देतात, आणि वर पंखा सुरू करून देतात.

मी विचार करते म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं कशाला सांगू, खरोखर विचार केला. दोन दिवस. हो म्हटलं असतं तर सगळं पहिल्यासारखं झालं असतं. पावणेसातला कुणीतरी ताई म्हटलं असतं. नाही म्हटलं की ते सगळं जाणार, आणि त्याच्या जागी काही येणार नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. भीती वाटली. एकटं राहायची सवय असली तरी भीती वाटते. सवयीचा तिथे उपयोग नसतो.

तिसऱ्या दिवशी मी चार नंबर टाकून बंद केलेल्या तक्रारी शोधायला लागले. माझ्या हाताने बंद झालेल्या एकसष्ट निघाल्या. एकेक उघडली, पूर्ण वाचली. परभणीची एक मुलगी होती, तिच्या आडनावावरून तिला रोज विचारायचे, तुमची कुठली वस्ती. एक तोतरा मुलगा होता. एक मालेगावचा, तो बोलला की सगळे मुद्दाम देशाच्या घोषणा द्यायचे. सगळ्यांना मी विनंती केली होती, खेळ खेळासारखा घ्या. एकसष्ट जणांना मी वेगवेगळं लिहिलं, तयार उत्तर न वापरता. तुमचं बरोबर होतं, मी चुकले. शनिवारपर्यंत बसले होते. तिघांनी उत्तर दिलं. त्यातल्या एकाने लिहिलं, आता स्वतःवर आल्यावर आठवण झाली का. खरं होतं. त्याला मी हो लिहिलं.

धारणीच्या माणसाचं खातं बंद होतं. निरोप गेलाच नाही. त्याचं खरं नाव मला माहीत नाही, चेहरा माहीत नाही. माझ्याजवळ त्याचं एक वाक्य आहे, तेवढंच.

रविवारी दुपारी अड्ड्यावर सगळे असतात तेव्हा मी माईक उघडला. या वेळी कागद नव्हता. पहिल्या शब्दालाच कुणीतरी बटण दाबलं. माझ्या आवाजावर माझाच आवाज. मग दुसऱ्याने दाबलं. मी थांबले नाही.

"दाबा, किती दाबाचं ते. मी निकाल सांगून राहिली, तो आयका. मायी तक्रार खरी आहे. बटन बनवनं चूक, वाजवनं चूक, निखिलभाऊनं इथंच माफी मांगाची. अन् एकसष्ट लोकायच्या तक्रारी गंमत म्हनून मीनं बंद केल्या, ते साऱ्यात मोठी चूक. त्यायची मी माफी मांगतो. आजपासून मी पंच नाई."

हसणं होतं. पण मधेच एका ठिकाणी ते कमी झालं होतं, एवढं मला ऐकू आलं. मग निखिलने माझा माईक बंद केला. मग मला बाहेर काढलं. पडद्यावर एक ओळ आली, तुम्ही आता या जागेचे सदस्य नाही.

मी हेडफोन काढला. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, मालकांच्या घरात टीव्ही. चार वाजले होते आणि पुढचा सगळा दिवस पडला होता. मी भांडी घासली. कपडे धुतले. तरी चार वीसच झाले होते.

दोन महिने झाले त्याला. पावणेसात वाजले की अजून हात फोनकडे जातो. कुणी दुसरा अड्डा काढला नाही, कुणी माझ्यामागे बाहेर पडलं नाही. बटण अजून आहे असं भावाने सांगितलं. मी जिंकले असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. मी एकटी आहे. आधीही होते, पण तेव्हा कुणीतरी आहे असा भास होता. तो आता नाही.

परवा ओंकारचा निरोप आला. पोरगा चांगला आहे. लिहितो की सगळे तुम्हाला मिस करतात, भांडणं मिटत नाहीत, निखिलदादा परत घ्यायला तयार आहे. फक्त ती तक्रार तेवढी मागे घ्या, नोंदीत दिसते म्हणून त्याला खटकते. बाकी काही नको.

मी बराच वेळ उत्तर लिहीत बसले. शुद्ध भाषेत तयार होतं, हाताला सवय आहे. ते पुसलं. आई बोलते तसं लिहायला घेतलं. कधी लिहिलं नव्हतं, कुठलं अक्षर कसं येतं ते थांबून थांबून बघावं लागलं. मग पाठवलं.

"तक्रार वापस घेत नाई. बंद तुमी केली. मायाकडून उघडीच आहे, अन् मी मरेपर्यंत ते उघडीच राहीन."